'माय म्हणजे माझा' : इंग्रजी संबंधवाचक शब्दांच्या अध्यापनातील एका समीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

इंग्रजीच्या अध्यापनात काही घटक इतके सोपे मानले जातात की त्यांचा स्वतंत्र विचार करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. 'माय', 'युअर', 'हिज', 'हर', 'इट्स', 'अवर', 'देअर' आणि 'हूज' हे संबंधवाचक शब्द अशा घटकांपैकी होत. शालेय स्तरावर एका कोष्टकाच्या आधारे ते शिकविले जातात. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द आणि उजव्या रकान्यात त्याचा मराठी अर्थ असतो. 'माय' म्हणजे माझा, 'युअर' म्हणजे तुझा, 'अवर' म्हणजे आमचा, 'देअर' म्हणजे त्यांचा. कोष्टक पाठ झाले की विषय संपला, असे विद्यार्थी समजतो आणि बहुधा शिक्षकही. भाषांतराच्या वाटेने इंग्रजी शिकण्याची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाच्या अनेक पिढ्यांना इंग्रजीचा परिचय करून दिला. त्या परंपरेचे ऋण मान्य करूनही तिच्या एका गृहीतकाची तपासणी आवश्यक ठरते. एका भाषेतील शब्दाला दुसऱ्या भाषेत नेमका एक शब्द असतो, हे ते गृहीतक होय.

पदवी स्तरावरील उत्तरपत्रिकांत 'माय वन फ्रेंड', 'सर अँड देअर बुक', 'ही डिड ओन वर्क' अशी वाक्ये सर्रास आढळतात. त्यांच्याखाली लाल रेघ ओढली जाते, गुण वजा होतात आणि विद्यार्थ्याचा पाया कच्चा असल्याचा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः ही वाक्ये लिहिणाऱ्याचा पाया कच्चा नसून मराठीत पक्का असतो. त्याला दिलेले समीकरण तो प्रामाणिकपणे वापरतो आणि समीकरणच सदोष असल्याने उत्तर चुकते. दोन भाषांतील संबंधवाचक शब्दांची योजनाच निरनिराळ्या तत्त्वांवर उभी आहे, हे तत्त्वभेद न शिकविल्याने एकीकडे इंग्रजी लेखनात अर्थहानी होते आणि दुसरीकडे मराठीचीही हानी होते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. संबंध म्हणजे मालकी नव्हे

या शब्दांना मराठीत 'स्वामित्वदर्शक' असे नाव रूढ आहे. नावामुळे मालकीची कल्पना आधी मनात येते. परंतु 'माय ट्रेन' म्हणणारा प्रवासी रेल्वेचा मालक नसतो, 'माय व्हिलेज' म्हणणारा गावाचा धनी नसतो, आणि 'माय डिफीट' म्हणणाऱ्याला तो पराभव स्वतःकडे ठेवण्याची इच्छाही नसते. प्रवासी ज्या गाडीने जाणार ती गाडी, माणूस ज्या गावात वाढला ते गाव, ज्याचा त्याने अनुभव घेतला तो पराभव, असे निरनिराळे संबंध एकाच शब्दाने दाखविले जातात.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. संस्कृत व्याकरणपरंपरेने षष्ठीला कारकांत स्थान दिले नाही. क्रियेशी थेट नाते असणारी सहा कारके सांगून झाल्यावर जे संबंध उरतात, त्या 'शेष' संबंधांसाठी पाणिनीने षष्ठी सांगितली. पुढे या संबंधांचे स्व-स्वामिभाव, जन्य-जनकभाव, अवयव-अवयविभाव असे प्रकार मानले गेले. म्हणजे मालकी हा अनेक संबंधांतील केवळ एक संबंध होय. मराठीतील 'चा-ची-चे' या प्रत्ययांचा व्यवहारही असाच व्यापक आहे. रामाचे शेत, रामाचा मुलगा, रामाचा हात आणि रामाची चूक या चारही प्रयोगांत प्रत्यय एकच असला तरी नाती चार प्रकारची आहेत. इंग्रजी वर्गात मात्र ही समज बाजूला ठेवली जाते आणि विद्यार्थ्याच्या हाती 'मालकी' हा एकच अर्थ दिला जातो.

याचा परिणाम शरीरावयवांच्या उल्लेखात स्पष्ट दिसतो. मराठीत 'त्याने हात धुतले' एवढे म्हणणे पुरेसे असते. हात कोणाचे, हे सांगावे लागत नाही, कारण दुसऱ्याचे असते तर ते मुद्दाम सांगितले असते. इंग्रजीत मात्र 'ही वॉश्ड हिज हँड्स' असेच म्हणावे लागते. तेथील 'हिज' मालकी सांगत नाही. कोणते हात, ते निश्चित करून देण्याचे काम तो करतो. हा शब्द मालकीसाठी आहे असे शिकलेला विद्यार्थी तर्क करतो की हात स्वतःचेच असणार, मग 'हिज' कशाला? तो 'ही वॉश्ड हँड्स' किंवा 'ही वॉश्ड द हँड्स' लिहितो. त्याचा तर्क मराठीच्या दृष्टीने निर्दोष आहे. त्याला मिळालेली व्याख्या अपुरी आहे.

२. विशेषण की निर्धारक

रेन आणि मार्टिन यांच्या सुपरिचित व्याकरणाने 'माय' प्रभृती शब्दांना संबंधवाचक विशेषणे म्हटले आणि 'माइन' प्रभृतींना संबंधवाचक सर्वनामे. भारतातील बहुतेक शालेय व्याकरणे हीच परिभाषा वापरतात. क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ मधील बृहद् व्याकरणात दोन्ही रूपे सर्वनामांतच धरली असून 'माय' हे नामापूर्वी निर्धारकाचे काम करणारे रूप मानले आहे. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ मधील केंब्रिज व्याकरणातही ही सर्वनामांचीच परावलंबी आणि स्वतंत्र अशी दोन रूपे मानली आहेत. हा वाद केवळ नावांचा आहे असे वरवर वाटेल. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र तो अत्यंत व्यावहारिक आहे.

मराठीतील 'माझा' हा शब्द सर्वार्थाने विशेषणासारखा वागतो. तो पुढील नामाप्रमाणे बदलतो: माझा मित्र, माझी वही, माझे घर, माझ्या घरात. तो इतर विशेषणांबरोबर सुखाने नांदतो: माझा एक मित्र, हे माझे पुस्तक, ती माझी जुनी सायकल. इंग्रजीतील 'माय' यांपैकी काहीही करीत नाही. तो नामाप्रमाणे बदलत नाही. 'ए', 'द', 'धिस', 'दॅट' या शब्दांची जी जागा, तीच त्याची जागा असते, आणि त्या एका जागेवर एका वेळी एकच शब्द बसू शकतो. म्हणून 'ए माय फ्रेंड' किंवा 'धिस माय बुक' अशी रचना आजच्या इंग्रजीत चालत नाही. दोन्ही अर्थ हवे असतील तर 'ए फ्रेंड ऑफ माइन' आणि 'धिस बुक ऑफ माइन' असा वळसा घ्यावा लागतो.

विशेषण या नावाने शिकलेल्या विद्यार्थ्याला हा वळसा का घ्यावयाचा हे कधीच समजत नाही. तो 'माझा एक मित्र' याचे 'माय वन फ्रेंड' असे भाषांतर करतो. ही चूक साधी नाही, कारण या शब्दांना इंग्रजीत अर्थ आहे आणि तो निराळा आहे. इंग्रजी वाचक त्यातून 'माझा एकमेव मित्र' असा अर्थ घेईल. अनेक मित्रांपैकी एकाविषयी बोलणारा तरुण परक्या वाचकाला एकाकी वाटेल.

'माय' आणि 'माइन' यांतील भेदही याच ठिकाणी स्पष्ट होतो. नाम पुढे असेल तर 'माय', नाम गाळले असेल किंवा आधीच येऊन गेले असेल तर 'माइन'. जुन्या इंग्रजी काव्यात स्वराने सुरू होणाऱ्या नामापूर्वीही 'माइन' येत असे. आजच्या गद्यात तो प्रघात उरलेला नाही. मराठीत 'हे पुस्तक माझे आहे' आणि 'हे माझे पुस्तक आहे' या दोन्ही वाक्यांत 'माझे' हे एकच रूप चालते, त्यामुळे दोन रूपांची गरजच विद्यार्थ्याला जाणवत नाही. 'हिज' हे रूप दोन्ही ठिकाणी तेच राहते, 'हर' मात्र 'हर्स' होते, आणि 'इट्स' स्वतंत्रपणे क्वचितच वापरले जाते. ही विषमता पाठांतराने लक्षात राहील, पण तिच्यामागील तत्त्व नामाच्या उपस्थितीचे आहे, एवढे सांगितले तर पाठांतराचा भार पुष्कळ हलका होईल.

३. 'हिज' आणि 'आपला'

मराठीची खरी संपत्ती 'आपला' या शब्दात आहे. 'रामाने आपले पुस्तक घेतले' आणि 'रामाने त्याचे पुस्तक घेतले' ही दोन वाक्ये मराठीत भिन्न घटना सांगतात. पहिल्यात पुस्तक रामाचेच आहे, दुसऱ्यात ते दुसऱ्या कोणाचे तरी आहे. कर्त्याकडे परत वळणारा संबंध दाखविण्यासाठी मराठीने स्वतंत्र शब्द राखला आहे आणि व्याकरणकारांनी 'आपण' व 'स्वतः' यांना आत्मवाचक सर्वनामे म्हटले आहे. इंग्रजीत मात्र दोन्ही घटना 'राम टुक हिज बुक' या एकाच वाक्यात मावतात. पुस्तक कोणाचे, हे संदर्भावरून ठरवावे लागते. संदिग्धता टाळावयाची असेल तर 'हिज ओन' असे म्हणावे लागते. सरसकट 'ओन' वापरला तर वाक्य अकारण जोर देणारे होते.

मराठी विद्यार्थी 'आपला' या शब्दासाठी इंग्रजी प्रतिशब्द शोधतो, कोष्टकात तो सापडत नाही, आणि मग तो 'ओन' किंवा 'सेल्फ' उचलतो. 'ही डिड ओन वर्क', 'शी वेंट टू सेल्फ हाउस' अशी वाक्ये अशा रीतीने जन्माला येतात. 'ओन' या शब्दापूर्वी इंग्रजीत संबंधवाचक रूप असावेच लागते, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते.

मराठीची श्रेष्ठता सिद्ध करणे हा येथे हेतू नाही. 'आपला' हा शब्दही संदिग्धतेपासून मुक्त नाही. 'रामाने श्यामला आपल्या घरी जायला सांगितले' या वाक्यात घर रामाचे की श्यामचे, हे वाक्य सांगत नाही. बोलणारा आणि ऐकणारा यांचे मिळून घर, असा तिसरा अर्थही संभवतो. प्रत्येक भाषा काही भेद जपते आणि काही सोडून देते. कोणती भाषा काय जपते, एवढेच अभ्यासकाने पाहावयाचे असते.

चिंतेची बाब उलट दिशेने होणाऱ्या परिणामाची आहे. इंग्रजीतून घाईने केलेल्या भाषांतरांत, ध्वनिमुद्रित केलेल्या जाहिरातींत आणि वृत्तलेखनात 'त्याने त्याचे हात धुतले', 'तिने तिचे डोळे मिटले', 'मंत्र्यांनी त्यांच्या भाषणात सांगितले' अशी वाक्ये वाढत चालली आहेत. प्रथम व द्वितीय पुरुषात 'मी माझे काम केले', 'तू तुझे पाहा' हे प्रयोग मराठीत पूर्वापार आहेत आणि त्यांत काही गैर नाही. तृतीय पुरुषात मात्र 'तिने तिचे डोळे मिटले' या वाक्याचा काटेकोर अर्थ कोणीतरी दुसऱ्या स्त्रीचे डोळे मिटले असा होतो, आणि तो प्रसंग फार वेगळा आहे. मराठीच्या स्वभावाप्रमाणे 'तिने डोळे मिटले' एवढेच पुरेसे होते. प्रत्येक 'हर' या शब्दासमोर 'तिचा' ठेवण्याची शिस्त ज्या कोष्टकाने लावली, तेच कोष्टक येथे मराठीला स्वतःचा भेद विसरायला लावीत आहे. इंग्रजीच्या वर्गात झालेल्या अध्यापनाची जबाबदारी म्हणूनच मराठीच्या प्राध्यापकापर्यंत पोहोचते.

४. 'अवर' : आमचा की आपला

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे दोन संबंधवाचक शब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळून 'आमचा' आणि ऐकणाऱ्यास सामावून घेऊन 'आपला'. इंग्रजीत दोहोंसाठी 'अवर' हा एकच शब्द आहे. कोष्टकात 'अवर' म्हणजे 'आमचा' एवढेच लिहिलेले असते आणि अर्धा अर्थ तेथेच गळून पडतो.

हा भेद किती मोलाचा आहे, हे सार्वजनिक व्यवहारातील उदाहरणांवरून दिसते. 'आमची मुंबई' या सर्वपरिचित शब्दप्रयोगात हक्काचा स्वर आहे, कारण त्यात ऐकणारा बाहेर उभा आहे. 'आपली मुंबई' म्हटले की तोच ऐकणारा आत येतो. इंग्रजीत दोन्ही 'अवर मुंबई' होतील आणि दोन्हींतील राजकीय व भावनिक अंतर दिसेनासे होईल. महाराष्ट्र शासनाच्या सेवा-संकेतस्थळाचे 'आपले सरकार' हे नाव याहून सूक्ष्म आहे. 'आपण' हा शब्द आदरार्थी द्वितीय पुरुषासाठीही वापरला जात असल्याने हे नाव 'आपणा सर्वांचे सरकार' आणि 'तुमचे सरकार' असे दोन अर्थ एकाच वेळी सांगते. इंग्रजीत भाषांतरकर्त्याला 'अवर' आणि 'युअर' यांपैकी एक निवडावा लागेल आणि दुसरा गमवावा लागेल.

इंग्रजीतून मराठीत येताना निवड अटळ होते. ख्रिस्ती धर्मातील प्रभूच्या प्रार्थनेच्या आरंभीच 'अवर' हा शब्द येतो. प्रार्थना प्रत्यक्ष देवाला उद्देशून असल्याने आणि देव स्वतःचाच पिता असू शकत नसल्याने मराठीत तेथे 'आमच्या' हेच रूप योग्य ठरते आणि मराठी प्रार्थनेत तेच आहे. 'आपल्या' असे म्हटले असते तर अर्थाचा अनर्थ झाला असता. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी रूपातही 'आम्ही' आणि 'आमच्या' ही रूपे आली आहेत. संपूर्ण देशाला सामावून घेणाऱ्या दस्तऐवजात 'आपण' का नाही, असा प्रश्न येथे उपस्थित करता येईल. त्याचे उत्तर वाक्याच्या प्रकृतीत आहे. तेथे लोक एकमेकांशी संवाद करीत नाहीत. ते एकमुखाने जगासमोर निर्धार प्रकट करीत आहेत. निर्धार करणाऱ्याचा शब्द 'आम्ही' हाच असतो. शिवाय 'आपण' या शब्दाला चिकटलेली आदरार्थी छटा तेथे घोटाळा करणारी ठरली असती. एका लहान शब्दाच्या निवडीमागे किती विचार असावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

'आमचा' या शब्दाचा आणखी एक मराठमोळा उपयोग आहे. एकुलता एक मुलगाही 'आमची आई' असे म्हणतो, 'आमच्याकडे या' असे निमंत्रण एकटा राहणाराही देतो. 'मी' आणि 'माझे' यांचा उच्चार टाळणारा विनय आणि कुटुंब हाच एकक मानणारी दृष्टी या बहुवचनात आहे. विद्यार्थी जेव्हा 'अवर मदर टोल्ड मी' असे लिहितो तेव्हा इंग्रजी वाचक त्याची भावंडे शोधू लागतो. व्याकरणाचा एकही नियम मोडलेला नसतो, तरी माहिती चुकीची पोहोचते. लाल शाईला ही चूक सहसा दिसतच नाही.

५. लिंग, आदर आणि 'देअर'

मराठीत लिंग हे शब्दाचे असते, इंग्रजीत ते बहुतांशी व्यक्तीचे असते. मराठीतील 'तिचा' हा शब्द दोन्हींकडे पाहतो: 'ति-' हा भाग संबंधी असणाऱ्याचे लिंग सांगतो आणि '-चा' हा भाग पुढील नामाचे. इंग्रजीतील 'हर' केवळ पहिल्याकडे पाहतो आणि तेही जिवंत स्त्रीव्यक्ती असेल तर. शाळा, समिती, नदी, बँक हे शब्द मराठीत स्त्रीलिंगी असल्याने 'द कमिटी अँड हर रिपोर्ट' अशी रचना सहज होते. तेथे 'इट्स' हवा. पुल्लिंगी व नपुंसकलिंगी शब्दांबाबत अडचण वेगळी आहे. 'तो' आणि 'ते' या दोहोंचे रूप 'त्याचा' असेच होत असल्याने 'हिज' आणि 'इट्स' यांतील भेद मराठीच्या आधाराने करता येत नाही.

भारतीय संविधानाचे एकविसावे कलम या संदर्भात उद्बोधक आहे. इंग्रजी पाठात 'पर्सन' या शब्दाशी 'हिज' जोडलेला आहे. मराठीत 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने तेथे 'तिचे' येणे व्याकरणाला धरूनच होते. एकाच हक्काचा धारक इंग्रजीत पुरुषरूपाने आणि मराठीत स्त्रीरूपाने उभा राहतो, आणि दोन्ही ठिकाणी अर्थ मात्र सर्वांचा आहे. इंग्रजीतील ही सोय कायद्याने करून घ्यावी लागली. ब्रिटनमध्ये १८५० च्या आणि भारतात १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातील तेराव्या कलमाने पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश होतो असे ठरविले. मराठीतील 'तिचे' या रूपासाठी असा खुलासा करण्याचे कारण पडत नाही, कारण ते लिंग शब्दाचे आहे हे सर्वांना ठाऊक असते.

'हिज' सर्वांसाठी चालवून घेण्याचा प्रघात आता मागे पडला आहे. 'एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग देअर बुक' अशी रचना जुन्या व्याकरणवर्गात अशुद्ध ठरविली जात असे. परंतु एकवचनी 'दे' आणि 'देअर' यांचा वापर इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आढळतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या आवृत्तीच्या लेखनपुस्तिकेने त्याची शिफारस केली आणि त्याच वर्षी मेरियम-वेबस्टर कोशाने 'दे' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. म्हणून ही रचना आज चूक म्हणून कापणे समर्थनीय नाही.

येथे मराठी शिक्षकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मराठी विद्यार्थी एकवचनी व्यक्तीसाठी 'देअर' लिहितो, तेव्हा त्याचे कारण बहुधा निराळे असते. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे. सरांचे पुस्तक 'त्यांचे' असते, आजोबांची काठी 'त्यांची' असते. म्हणून 'सर अँड देअर बुक' असे लिहिले जाते. इंग्रजीतील एकवचनी 'देअर' आदर दाखवीत नाही. व्यक्तीचे लिंग अज्ञात, अनिश्चित किंवा अनुल्लेखित ठेवावयाचे असेल तेव्हा, तसेच जी व्यक्ती स्वतःसाठी हेच सर्वनाम वापरते तिच्यासाठी, तो येतो. वर्गात शिकविणाऱ्या परिचित सरांविषयी 'देअर' वाचून इंग्रजी वाचक गोंधळेल, अथवा ते पुस्तक अनेकांचे आहे असे समजेल. दोन्ही वाक्यांत शब्द एकच असला तरी पहिले आधुनिक इंग्रजीला धरून आहे आणि दुसरे मराठी शिष्टाचाराला. दोहोंना एकाच मापाने मोजणारा परीक्षक एकावर अन्याय करतो.

'युअर' या शब्दाबाबत हेच उलट घडते. तुझा, तुमचा आणि आपला या तीन पायऱ्या इंग्रजीत एका शब्दात सपाट होतात. इंग्रजी कथेतील पिता-पुत्रांचा किंवा पती-पत्नीचा संवाद मराठीत आणताना त्या नात्यातील अंतर भाषांतरकर्त्यालाच ठरवावे लागते. कोष्टक त्याला मदत करू शकत नाही.

६. ॲपॉस्ट्रॉफीचा प्रश्न

संबंधवाचक शब्दांविषयी चर्चा निघाली की सर्वांत जास्त आवाज 'इट्स' या शब्दातील ॲपॉस्ट्रॉफीविषयी होतो. नियम सरळ आहे. नामांना संबंध दाखविताना ते चिन्ह लागते, संबंधवाचक सर्वनामांना लागत नाही. 'इट्स', 'युअर्स', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' हे चिन्हाविना लिहावयाचे. चिन्ह असलेले 'इट्स' हे 'इट इज' किंवा 'इट हॅज' यांचे संक्षिप्त रूप होय. 'हूज' या शब्दाच्या दोन लेखनांतही हाच भेद आहे. देवनागरीत दोन्ही रूपे एकसारखीच लिहावी लागतात, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. उच्चारात या दोहोंत काहीही फरक नाही, म्हणून चूक केवळ कागदावर जगते.

या नियमाचा इतिहास पाहिला असता त्याविषयीचा कठोरपणा काहीसा सैल होतो. 'इट' या सर्वनामाचे जुने संबंधवाचक रूप 'हिज' हेच होते. 'इट्स' हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस लेखनात दिसू लागला. १६११ च्या बायबलच्या अधिकृत इंग्रजी भाषांतराच्या मूळ मुद्रणात तो आढळत नाही. पुढे दीर्घकाळ सुशिक्षित लेखकही तो ॲपॉस्ट्रॉफीसह लिहीत. १७८७ मधील अमेरिकेच्या संविधानाच्या हस्तलिखितातही राज्यांच्या तपासणीविषयक कायद्यांच्या उल्लेखात तो तसाच लिहिलेला आहे. आजचा नियम नंतर स्थिरावला. तो पाळला पाहिजे, कारण औपचारिक लेखनात वाचकाची तशी अपेक्षा असते. परंतु तो न पाळल्याने अर्थ क्वचितच बिघडतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

७. चुकांची उतरंड

येथवरच्या विवेचनावरून चुकांचे दोन वर्ग स्पष्ट होतात. ॲपॉस्ट्रॉफीसारख्या लेखनविषयक चुका पहिल्या वर्गात येतात. त्यांत संकेत मोडतो, अर्थ टिकतो. 'माय वन फ्रेंड', 'अवर मदर', 'सर अँड देअर बुक' अशा चुका दुसऱ्या वर्गात येतात. त्यांत वाक्य कधीकधी व्याकरणशुद्ध दिसते, पण वाचकापर्यंत वेगळाच अर्थ पोहोचतो. प्रचलित मूल्यमापनात पहिल्या वर्गाला हमखास शिक्षा होते, कारण ती चूक डोळ्यांना दिसते. दुसऱ्या वर्गातील चुका अनेकदा सुटून जातात, कारण मराठीभाषक परीक्षक त्या वाक्याचा अर्थ मनातल्या मनात मराठीत करून घेतो आणि त्याला तो बरोबरच लागतो. विद्यार्थी आणि परीक्षक यांच्यातील हा समान भाषिक वारसा परीक्षेच्या दालनात चूक झाकतो. नोकरीच्या अर्जात, संशोधनपर लेखात किंवा परप्रांतीय सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात ती उघडी पडते.

भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र भाषारूप म्हणून मान्यता पावत असताना असे प्रयोग चुकीचे का मानावेत, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. आक्षेपात तथ्य आहे. भाषा जेथे राहते तेथील होते, आणि स्थानिक वळण हा दोष नव्हे. परंतु निकष अर्थाचा असला पाहिजे. जे वळण वाचकाला परके वाटूनही समजते, ते स्वीकारता येईल. जे वळण त्याला दुसराच अर्थ सांगते, त्याची जाणीव विद्यार्थ्याला करून देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. त्यानंतर निवड विद्यार्थ्याची.

आरंभीच्या इयत्तांत एवढी गुंतागुंत पेलणार नाही, कोष्टक हीच तेथे सोय आहे, असेही म्हटले जाईल. तेही मान्य करावे लागेल. पहिली पायरी म्हणून कोष्टक उपयुक्तच आहे. पदवीपर्यंत तीच एक पायरी राहते, हा दोष होय. वरच्या वर्गांत कोष्टकाऐवजी चार प्रश्न देता येतील. संबंध ज्याचा आहे तो या वाक्याचा कर्ताच आहे काय? ऐकणारा त्या संबंधात सामील आहे काय? बहुवचन संख्येचे आहे की आदराचे? आणि पुढे नाम आहे की नाही? मराठी वाक्याला हे चार प्रश्न विचारल्यास योग्य इंग्रजी शब्द बहुतांशी आपोआप हाती येतो. इंग्रजीतून मराठीत येतानाही हेच प्रश्न उपयोगी पडतात. त्यांच्या जोडीला पाचवा प्रश्न विचारावा लागतो: मराठीत येथे संबंधवाचक शब्दाची गरज आहे काय?

निष्कर्ष

'माय म्हणजे माझा' हे समीकरण खोटे नाही, ते अपुरे आहे. इंग्रजीतील संबंधवाचक शब्द नामाची ओळख निश्चित करतात, संबंधी व्यक्तीकडे पाहतात आणि ऐकणाऱ्याचे स्थान, आदर व कर्त्याशी असलेले ऐक्य यांविषयी मौन पाळतात. मराठीतील संबंधवाचक शब्द पुढील नामाशी मेळ राखतात, ऐकणाऱ्याला आत घेतात किंवा बाहेर ठेवतात, आदर दाखवितात आणि जेथे संबंध उघड आहे तेथे गप्प बसतात. हा भेद सांगितला तर विद्यार्थ्याची मराठी त्याच्या इंग्रजीच्या वाटेतील अडथळा न ठरता आधार ठरेल, कारण ज्या सूक्ष्म अर्थभेदांसाठी इंग्रजीत त्याला वळसा घ्यावा लागतो, ते भेद त्याच्या मातृभाषेने त्याला आधीच शिकविलेले असतात. असे अध्यापन इंग्रजी आणि मराठी या दोन्ही विभागांच्या सहकार्यानेच शक्य आहे. ते न झाल्यास इंग्रजीत 'माय वन फ्रेंड' लिहिले जात राहील आणि मराठीत 'तिने तिचे डोळे मिटले'. या दोन वाक्यांचे मूळ एकच असल्याने त्यांचा उपायही एकत्रितपणेच करावा लागेल.